स्वामी रामानंद तीर्थ : संस्थानातून संसदेकडे



स्मृतिव्याख्यानाचा विषय निवडताना स्वामी रामानंद तीर्थांचे नाव माझ्या मनात आले, ते केवळ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून नव्हे. १९४८ पर्यंतचे स्वामीजी आपण सर्वजण जाणतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला त्यांचे स्मरणही करतो. परंतु त्यानंतर लोकसभेत गेलेल्या, आणि ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले तेच राज्य विसर्जित व्हावे असा आग्रह धरणाऱ्या स्वामीजींकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. आज त्या उत्तरार्धाविषयी बोलण्याचा माझा विचार आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि पुढे अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्यांची पहिली कार्यक्षेत्रे. संन्यास घेतला, तरी वर्ग सोडला नाही. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा स्वतःच्या घरातच परकी झाली होती. सभा भरवायची तरी सरकारी परवानगी लागे. अशा परिस्थितीत देशी भाषेची खाजगी शाळा हेच सार्वजनिक जीवनाचे पहिले अंगण होते. मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते शाळांतून आले, त्याचे कारण येथे सापडते.

काँग्रेसला संस्थानात थारा नसल्यामुळे राजकीय जागृतीचे कार्य तीन भाषिक संस्थांनी केले : आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि महाराष्ट्र परिषद. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. पुढील वर्षी स्टेट काँग्रेसची स्थापना होऊ घातली, तोच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि अध्यापन सोडून आलेले स्वामीजी कारागृहात गेले. १९४६ साली बंदी उठल्यानंतर ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांना अटक झाली. काही काळ सुटका, पुन्हा अटक, आणि अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यावर मुक्तता, असा तो क्रम आहे.

येथून पुढचा इतिहास विजयाचा असला तरी सुखाचा नाही. स्टेट काँग्रेसमध्ये गट होते आणि त्यांतील मतभेद स्वातंत्र्यानंतर अधिकच तीव्र झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपद बी. रामकृष्णराव यांच्याकडे गेले. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले. लढ्याचा नेता राजधानीतील सत्तेपासून दूर राहिला. याला कोणी पराभव म्हणेल. मला मात्र असे वाटते की, या अंतरामुळेच राज्य टिकवण्यात त्यांचा कोणताही स्वार्थ उरला नाही.

प्रश्न होता हैदराबाद राज्याच्या भवितव्याचा. त्यात सोळा जिल्हे होते : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन. पंडित नेहरूंना येथील संमिश्र संस्कृतीचे मोल वाटे आणि हे राज्य मोडणे त्यांना रुचत नव्हते. त्या संस्कृतीचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. आपल्या शहराच्या बोलण्याचालण्यात ते आजही दिसते. तरीही स्वामीजींनी त्रिभाजनाचा पक्ष घेतला. त्यांच्या भूमिकेमागील तर्क मला असा दिसतो : हे राज्य लोकांनी घडवलेले नव्हते, एका घराण्याच्या सत्तेने ते एकत्र बांधले होते. स्वातंत्र्यानंतरही निजाम राजप्रमुखपदी होताच. ज्या तीन परिषदांनी प्रजेला बोलायला शिकवले, त्या लोकांच्या भाषांतून उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा लोकशाही राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालावा, हा त्या शिकवणुकीचाच पुढचा धडा होता.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९५७ साली स्वामीजी औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, पुन्हा लोकसभेत गेले. पहिल्या वेळी कानडी मुलखाचा प्रतिनिधी, दुसऱ्या वेळी मराठी मुलखाचा. आणि या दोन निवडणुकांच्या मध्ये त्यांचे मूळ राज्यच नाहीसे झालेले! भाषावार प्रांतरचनेचा पुरस्कार करणारा हा पुरुष कोणत्याही एका भाषेच्या अभिमानात अडकलेला नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

पण मित्रहो, या निर्णयाची किंमत कोणी दिली, हेही या सभागृहात सांगितले पाहिजे. मराठवाड्याला महाराष्ट्र मिळाला. हैदराबाद शहरातला मराठी समाज मात्र राजधानीत राहूनही सीमेपलीकडचा ठरला. जी शाळा पाच मराठी जिल्ह्यांच्या राजधानीतील शाळा होती, ती एका अल्पसंख्य भाषिक समाजाची शाळा झाली. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले, तेव्हा केवळ भाषा एक असली म्हणजे राज्य टिकतेच असे नाही, हेही इतिहासाने दाखवून दिले. स्वामीजींचा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे; परंतु योग्य निर्णयालाही मागे राहणारी माणसे असतात, हे इतिहासलेखकाने विसरू नये.

स्वामीजी स्वतः मागे राहिलेल्यांतच होते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेतच त्यांनी देह ठेवला. बेगमपेठेत त्यांचे स्मारक आहे. नांदेडला त्यांच्या प्रेरणेने १९५० साली पीपल्स कॉलेज उभे राहिले आणि १९९४ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. राज्ये बदलली, मतदारसंघ बदलले, पदे आली आणि गेली. शिक्षकाने उभारलेले काम तेवढे उरले. आपल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, आपल्या भाषेची शाळा चालवणे हे केवळ जुन्या आठवणी जपणे आहे असे समजू नये. निजामी अमदानीत तिने नागरिक घडवले. ते काम अद्याप संपलेले नाही.