शाहीर अमर शेख : गिरणगावाचा बुलंद आवाज

बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल पुढे ‘शाहीर अमर शेख’ या नावाने अवघ्या महाराष्ट्राला परिचित झाला. २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेल्या या शाहिराचे बालपण गरिबीत गेले. त्यांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीतही राबले. कामगारांच्या लढ्यात त्यांना तुरुंगवास घडला आणि तेथूनच ते कम्युनिस्ट चळवळीकडे वळले.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. पोवाडा, लावणी आणि तमाशा या जुन्या लोककलांत या पथकाने संप, महागाई व सावकारी असे विषय आणले. अण्णाभाऊंच्या तमाशांवर तत्कालीन मुंबई सरकारने बंदी घातली, तेव्हा ‘लोकनाट्य’ या नावाने ते रंगमंचावर आले.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अमर शेखांचा पहाडी आवाज सभासभांतून घुमला. पुढाऱ्यांच्या भाषणाआधी डफावर थाप पडे आणि मैदान भरून जाई. गोवामुक्तीसाठीही ते गायले. मुस्लिम कुटुंबात जन्मलेला हा शाहीर मराठी भाषिकांच्या राज्यासाठी गात होता, आणि १ मे १९६० रोजी ते राज्य प्रत्यक्षात आले.

अमर शेख केवळ गायक नव्हते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध आहेत. आचार्य अत्रे यांनी त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये अण्णाभाऊही गेले होते. अवघ्या दीड महिन्यात शाहिरी चळवळीचे दोन आधारस्तंभ कोसळले.

त्यांच्या कन्या मलिका अमर शेख यांनी कवयित्री व लेखिका म्हणून स्वतंत्र ठसा उमटवला. मुंबई विद्यापीठात शाहिरांच्या नावाचे अध्यासनही आहे. मात्र ज्या श्रोत्यांनी त्यांना मोठे केले, ते गिरणगाव आता उरलेले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि अनेक कुटुंबे मीरा-भाईंदर, वसई-विरारसारख्या उपनगरांत विखुरली. तेथील सिल्व्हर पार्कसारख्या वसाहतींत वाढणाऱ्या पिढीला हा वारसा पुस्तकांतून मिळेल. परंतु शाहिरी ही मुळात समोर बसलेल्या श्रोत्यांची कला आहे. अध्यासन आणि ग्रंथ नाव जपतात, डफ मात्र कुणीतरी हाती घ्यावाच लागतो.