भाव आणि भाडं : नाशिकच्या गाळ्यांची हकीकत

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. योगायोग असा की, नाशिकच्या दुकान-गाळ्यांचं गणित बदलणारा कायदाही त्याच वर्षी ३१ मार्चला लागू झाला. बँकेत कर्जविभाग सांभाळताना हा बदल जवळून पाहिला, म्हणून हे चार शब्द.

त्याआधी खरेदी म्हणजे मेनरोड, रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार. तिथली बरीच दुकानं पागडीची. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडं गोठलेलं. भाडेकरू निघत नसे, मालक डागडुजी करीत नसे आणि रिकामी जागा भाड्यानं द्यायला कोणी धजत नसे. पागडीची रक्कम उघड घेता येत नसल्यामुळे जागेचा खरा भाव कागदावर येतच नसे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आणि सिडकोमुळे वस्ती गावाबाहेर पसरली, तरी मोठी खरेदी करायला माणसं गावातच येत.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी कायदेशीर केली. शिवाय बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचं भाड्याचं संरक्षण काढून घेतलं. आमच्याच शाखेला मालकाची नोटीस आली! तेव्हा आम्ही चिडलो. आज वाटतं, मालकाचं फारसं चुकलं नव्हतं. अशा भाडेकरूंना जागा द्यायची मालकांची भीती गेली. पुढे कॉलेज रोड, गंगापूर रोडवर बँका आणि शोरूम वाढत गेल्या. नव्या इमारतींत खाली गाळे, वर फ्लॅट ही रीतच पडली. आपलीही इमारत तशीच.

मग सगळ्यांना गाळे घ्यायची हौस आली. मलाही. २०११ मध्ये निवृत्तीच्या पैशातून एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर वीस लाखांचा गाळा घेतला. महिना दहा हजार भाडं येईल असं सांगितलं होतं. म्हणजे वर्षाला सहा टक्के, त्यातून घरपट्टी आणि मेन्टेनन्स वजा. तेव्हा मुदत ठेवीवर नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं! आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जप्रस्ताव तपासले, स्वतःचा तपासला नाही. जिना चढून गिऱ्हाईक येईना. चार वर्षं शटर बंद राहिलं, घरपट्टी मात्र चुकली नाही.

त्या बंद शटरनं एक गोष्ट शिकवली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्या खालचे गाळे बंद पडले, मेन्टेनन्स थकला. नियमानं व्याज लावावं असा सूर निघाला, तेव्हा मी ते माफ करावं असं सुचवलं. सभेनं मान्य केलं. पुढे एकेकानं मुद्दल फेडली. पार्किंगवरून आजही आवाज चढतात, पण गाळेवाले आपलेच सभासद आहेत.

आता २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. गाळ्यांचे भाव सांगणारे फोन पुन्हा सुरू झालेत. तरुण मंडळींना एवढंच सांगतो : भाव विचारण्याआधी शेजारच्या गाळ्याचं भाडं विचारा, आणि तो किती महिने रिकामा होता तेही विचारा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा!