तंजावर राजघराण्याचा मालमत्ता दावा

तंजावर राजघराण्याचा मालमत्ता दावा हा ईस्ट इंडिया कंपनीने जप्त केलेली खासगी मालमत्ता परत मिळावी, यासाठी तंजावरच्या भोसले घराण्यातील ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई साहेब यांनी १८५६ साली दाखल केलेला दावा होय. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो निर्णय फिरवला. 'राज्यकृती' म्हणजे एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली राजकीय कृती देशांतर्गत न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, या तत्त्वाचा हा महत्त्वाचा आधार मानला जातो.

पार्श्वभूमी

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. १७९९ च्या तहान्वये दुसरे सरफोजी यांनी राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. राजाकडे तंजावरचा किल्ला, राजवाडा आणि महसुलाचा ठरावीक हिस्सा एवढेच राहिले. सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी ऑक्टोबर १८५५ मध्ये निधन पावले. त्यांना पुत्र नव्हता. औरस वारस नाही, या कारणावरून कंपनीने राज्य खालसा केल्याचे ठरवले.

नागपूरकर भोसल्यांच्या बाबतीतही हेच घडले होते. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारल्यावर १८५४ साली ते राज्य खालसा झाले, आणि वाड्यातील जडजवाहीर राज्याची मालमत्ता ठरवून त्याचा लिलाव करण्यात आला.

जप्ती

ऑक्टोबर १८५६ मध्ये कंपनीचे आयुक्त फोर्ब्स यांनी सैनिकांच्या बळावर तंजावरच्या राजवाड्याचा ताबा घेतला. दागिने, जिन्नस, जमिनी यांपैकी राज्याचे कोणते आणि राजाच्या घरचे कोणते, असा भेद जप्तीच्या वेळी करण्यात आला नाही.

दावा व युक्तिवाद

कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. राज्य कोणाचे, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला नाही. राज्य गेले तरी राजाची खासगी संपत्ती हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या विधवेकडे येते, एवढीच त्यांची मागणी होती. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

कंपनीने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. १८५८ च्या कायद्याने कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेल्यामुळे खटल्यात कंपनीच्या जागी भारतमंत्र्यांचे नाव आले.

प्रिव्ही कौन्सिलचा निकाल

लॉर्ड किंग्जडाऊन यांनी निकालपत्र वाचले. त्याचा सारांश असा : कंपनीने ही जप्ती एखाद्या कायदेशीर हक्काच्या आधारे केलेली नसून सार्वभौम सत्ता म्हणून केली आहे. स्वतंत्र राज्यांमधील व्यवहारांना लागू होणारे नियम वेगळे असतात. ते तपासण्याचे साधन व अंमलात आणण्याची शक्ती देशांतर्गत न्यायालयाकडे नसते. कृती न्याय्य होती की अन्याय्य, याविषयी मत देण्याचे न्यायमंडळाने टाळले. म्हणजेच राणीची मागणी निराधार ठरली नाही. ती ऐकण्यास न्यायालयच नाही, असे ठरले.

या विचाराला पुण्यातील एका जुन्या खटल्याचा आधार होता. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, पेशव्यांचे किल्लेदार नारोबा औटी यांचे द्रव्य पुण्यात जप्त झाले. त्यावरील दाव्यात मुंबईच्या न्यायालयाने दिलेला निकाल प्रिव्ही कौन्सिलने १८३० मध्ये रद्द केला होता. युद्धाच्या ओघात झालेली जप्ती न्यायालयाच्या अखत्यारीबाहेर असल्याचे त्यात म्हटले होते.

मालमत्तेची परतफेड

न्यायालयात जे मिळाले नाही ते पुढे शासकीय निर्णयाने मिळाले. १८६२ मध्ये मद्रास सरकारने ही मालमत्ता घराण्याला परत केली. ज्येष्ठ राणीने हयातभर व्यवस्था पाहावी, इतर राण्यांना उपभोगाचा वाटा मिळावा व शेवटच्या राणीनंतर ती राजकन्येकडे किंवा पुढील वारसांकडे जावी, अशी योजना होती. मात्र ही परतफेड हक्क म्हणून होती की देणगी म्हणून, यावर राण्यांमध्येच पुढे मद्रास उच्च न्यायालयात वाद झाला. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले; त्यात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे.

नंतरचा प्रभाव

स्वातंत्र्यानंतर विलीन झालेल्या संस्थानांतील रहिवाशांचे जुने हक्क तपासताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व वापरले. १९६४ च्या व्होरा फिदाली खटल्यात, नव्या सार्वभौम सत्तेने मान्य केलेलेच पूर्वीचे हक्क न्यायालयात बजावता येतात, असे बहुमताने ठरले. तथापि राज्यसंस्थेला स्वतःच्या नागरिकाविरुद्ध राज्यकृतीचा बचाव घेता येत नाही. संविधानाच्या ३००अ या अनुच्छेदानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. परकीय राज्यावर भारतीय न्यायालयात दावा दाखल करायचा असल्यास दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ८६ नुसार केंद्र सरकारची लेखी संमती आवश्यक असते.