कोयनेचे दोन धक्के : १९६७

इंदापूर तालुक्यात दूरवर पसरलेल्या उजनी जलाशयाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, कोयनेची १०५. तरीही जलाशय आणि भूकंप यांचा विषय निघाला की जगभर नाव घेतले जाते ते कोयनेचे. त्याला कारण १९६७ सालचे दोन धक्के.

कोयनानगर हे कोकणाच्या माथ्यावरचे, सह्याद्रीच्या कुशीतले गाव. बारामतीपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर भरू लागला आणि खोऱ्यात जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. लहान हादरे वारंवार बसत. धरण परिसरात भूकंपमापक यंत्रेही बसली. पण दख्खनचे पठार अचल आहे, हा समज भूशास्त्रात इतका रुजलेला होता, की भूकंपांच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश जवळजवळ निर्धोक ठरला होता.

१३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचांहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. तो पूर्वधक्का होता, हे कळायला ८९ दिवस जावे लागले. (पूर्वधक्का हे नाव मोठा धक्का बसल्यावरच देता येते, ही या शास्त्राची जुनी अडचण.)

११ डिसेंबर, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. तीव्रता ६.३, काही नोंदींत ६.५. डिसेंबरची थंडी, माणसे घरात गाढ झोपलेली आणि घरे दगडमातीची. मृतांचा आकडा पावणेदोनशेच्या वर गेला, दोन हजारांहून अधिक जखमी झाले. कोयनानगरातील बहुतांश घरे पडली वा निकामी झाली. वीजनिर्मिती थांबल्याने मुंबईचे कारखाने बंद पडले. १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा गेल्या. ते फुटले नाही, हे खोऱ्याचे भाग्यच. धरणातील यंत्राने टिपलेली त्या हादऱ्याची नोंद पुढे जगभरच्या धरण अभियंत्यांनी अभ्यासली.

धरणानेच भूकंप घडवला काय, यावर दीर्घकाळ वाद झाला. आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात ते असे : भूगर्भातला ताण आधीच साचलेला होता. जलाशयाचे पाणी खोलवर झिरपले, भ्रंशरेषेवरील खडकांच्या फटींत त्याचा दाब वाढला, घर्षण कमी झाले आणि खडक सरकले. म्हणजे ताण निसर्गाचा, निमित्त पाण्याचे. त्यामुळेच केवळ टीएमसीवरून अंदाज बांधणे फसवे. उजनीचे धरण सुमारे ५६ मीटर उंच, पाणी पसरट. कोयनेचे पाणी अरुंद खोऱ्यात खोल उभे, आणि त्याच्या परिसरात सरकण्याच्या बेतात असलेला भ्रंश.

१९७० साली भूकंपाचा नकाशा बदलला. ‘शून्य’ हा धोकाविरहित पट्टाच त्यातून गेला आणि कोयना चौथ्या क्षेत्रात आली. धरणाची मजबुती झाली, गावे पुन्हा उभी राहिली. हादरे मात्र थांबलेले नाहीत. त्यांचे मूळ शोधण्यासाठी २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. तो अभ्यास कराडच्या प्रयोगशाळेतून चालतो.