दोन भोवरे

भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरेच्या खोऱ्यात हिर्डोशी लागते. पावसाळ्यात तिथे ओढ्यांचे तांबडे पाणी नदीत उतरताना मी थांबून पाहतो. धार बराच वेळ वेगळी दिसते, मग मिसळते. नेमकी कुठे, ते बोट ठेवून सांगता येत नाही.

१८८३ साली मँचेस्टरच्या ऑसबर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. संथ प्रवाहात ती सरळ राहिली. वेग वाढताच विस्कटून पाणीभर पसरली. मिसळायचे तर खळबळ हवी, असा समज मग शंभर वर्षे टिकला.

तो मोडला हसन आरेफ यांनी, १९८४ साली. जन्म अलेक्झांड्रियाचा. (मला त्या गावाचे ग्रंथालयच आठवते.) त्यांनी गणितात दोन भोवरे मांडले, आळीपाळीने फिरणारे. एकटा भोवरा कणाला त्याच रिंगणात फिरवत ठेवतो. पाळी बदलत गेली, की रंग घडीच्या पोळीसारखा लाटला जातो, दुमडतो, पुन्हा लाटला जातो. शेजारचे दोन कण बघता बघता दुरावतात. नियम साधा, योगायोग कुठेच नाही, तरी कणाचा ठाव आधी सांगता येत नाही! मला तर हेवा वाटतो.

नदीला खळबळीची वाण नाही. अडते ते अतिबारीक वाहिन्यांत. तिथे २००२ साली तळाला तिरप्या खाचा पाडून, खळबळीशिवाय, दोन द्रव मिसळून दाखवले गेले.