खोललेला व्हॉल्व्ह वाचायचा कसा?

गेल्या लेखानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांकडून आला: अभिलेखागारात आपल्या विषयावर कागदच नसतील तर संशोधन करायचं कसं? त्याचं उत्तर मला एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मिळालं, तेही एक चूक करून. म्हणून आज त्याबद्दल.

माझा विषय आहे कारखान्यांतल्या देखभाल-दुरुस्तीचा इतिहास. यंत्रांच्या शोधाचा इतिहास भरपूर लिहिला गेलाय. ती यंत्रं रोज चालू ठेवणाऱ्यांचा फारसा नाही. त्यासाठी मी पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये जायला लागले. तिथे रासायनिक कारखान्यांतून बॉल व्हॉल्व्ह दुरुस्तीला येतात. पहिल्याच दिवशी मिस्त्रीकाकांनी एक व्हॉल्व्ह खोलून बॉल टेबलावर ठेवला. मला फोटो काढायचा होता, म्हणून मी शेजारचं कॉटन वेस्ट घेतलं आणि बॉल स्वच्छ पुसला. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "ताई, त्याच्यावर बारीक काळा कच होता. तो पाइपातला होता की सीटचा, आता कसं सांगू?"

इतिहासाच्या विद्यार्थिनीनं पुरावा पुसून टाकला होता! जुन्या पोथीवरची धूळ झटकायच्या आधी आपण दहा वेळा विचार करतो. लोखंडाच्या बाबतीत तो विचार मनात आलाच नाही, कारण ते 'साधन' आहे असं मी धरलंच नव्हतं.

आता हा बॉल व्हॉल्व्ह म्हणजे काय ते थोडक्यात बघू. एक गोळा, त्यातून आरपार भोक. दांडा, म्हणजे स्टेम, पाव फेरा फिरवला की भोक पाइपाच्या रेषेत येतं आणि प्रवाह सुरू होतो. आणखी पाव फेरा फिरवला की बंद. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन कड्या असतात, त्या सीट. स्टेमभोवती गळती होऊ नये म्हणून ग्लँड आणि पॅकिंग. बस, एवढंच.

कल्पना इतकी सोपी, तरी ती उद्योगात रुळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. अडचण सीटची होती. धातूच्या गोळ्यावर धातूची सीट घट्ट बसवायची तर दोन्ही फारच अचूक घडवावे लागतात, आणि एक ओरखडा पडला की गळती सुरू. मऊ पण रसायनांना दाद न देणारं काहीतरी हवं होतं. ते सापडलं 6 एप्रिल 1938 रोजी, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत. रॉय प्लंकेट शीतकरणासाठी लागणाऱ्या वायूंवर काम करत होते. टेट्राफ्लुओरोएथिलीनच्या एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला, तर वायू येईना. सिलिंडर रिकामा समजून फेकून देणं सहज शक्य होतं. पण त्यांनी वजन केलं. वजन सांगत होतं की आत काहीतरी आहे. मग सिलिंडर चक्क कापला आणि आत पांढरी, मेणचट पूड निघाली. ती पीटीएफई, पुढे टेफ्लॉन नावानं घराघरात पोचलेली. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब प्रकल्पाला युरेनियम हेक्झाफ्लुओराइड या अत्यंत क्षरणकारी वायूशी सामना करायचा होता. तिथे गॅस्केट आणि व्हॉल्व्हच्या भागांसाठी हा पदार्थ वापरला गेला. युद्धानंतर तो बाजारात आला आणि 1954 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे हॉवर्ड फ्रीमन यांनी जेम्सबरी ही कंपनी काढून मऊ सीटचे औद्योगिक बॉल व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली.

प्लंकेटांच्या गोष्टीत तुमच्यासाठी एक धडा आहे. वायू आला नाही ही झाली एक नोंद. 'म्हणून सिलिंडर रिकामा' हा झाला निष्कर्ष. मधली पायरी, वजन करून बघणं, बहुतेक वेळा आपण गाळतो.

आता टेबलावरच्या बॉलकडे परत येऊ. काकांनी मला तो वाचायला शिकवला, तो असा.

गोळ्यावर फिरण्याच्या दिशेनं बारीक समांतर ओरखडे दिसले, तर गोळा आणि सीटच्या मध्ये कठीण कण अडकले होते. भोकाच्या कडेला आणि सीटच्या एकाच भागात खोल झीज असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून चालवला गेलाय. बॉल व्हॉल्व्ह मुळात चालू-बंद करण्यासाठी. प्रवाह कमी-जास्त करायला तो वापरला की अरुंद फटीतून द्रव जोरानं जातो आणि नेमकी तीच जागा खातो. म्हणजे कारखान्यातली एक रोजची सवय धातूवर लिहिली गेली. सुट्या सुट्या खड्ड्यांचा पुंजका दिसला, तर क्षरणाचा संशय घ्यायचा. सीट एका बाजूला दबून बाहेर आली असेल, तर दाब फार काळ सोसावा लागलाय. पीटीएफई सतत दाबाखाली हळूहळू सरकतं. तरंगत्या गोळ्याच्या व्हॉल्व्हमध्ये दाब गोळ्याला पुढच्या सीटवर ढकलतो, म्हणून दोन सीटची तुलना केली की प्रवाहाची दिशासुद्धा कळते. आणि स्टेम पिळवटलेला असेल, तर अडकलेला व्हॉल्व्ह कुणीतरी हँडलला लांब पाइप लावून फिरवलाय.

शेवटचं उदाहरण नीट बघा. पहिल्या काही खुणा म्हणजे झीज: सावकाश, रोज थोडी थोडी. पिळवटलेला स्टेम म्हणजे इजा: एका दिवशी, एका माणसाच्या हातून. इतिहासात आपण दीर्घकालीन प्रक्रिया आणि घटना असा फरक करतो, तोच हा. दोन्हींना एकच 'खराब झाला' हा शेरा मारला की इतिहास संपला.

तिसरा एक थर असतो, तो मला सगळ्यात आवडतो. गॅस्केट बसते त्या खाचेत कधी कधी आडवे चरे दिसतात. ते वापरामुळे पडलेले नसतात. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी जुनी गॅस्केट स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून काढलेली असते. पोथीची नक्कल करताना लेखनिकाकडून झालेली चूक असते ना, तसंच हे.

डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांसाठीही जुनी युक्ती आहे. रेल्वेच्या वर्कशॉपांत सुटा भाग रॉकेल मिसळलेल्या तेलात बुडवत, मग पुसून त्यावर खडूचा पांढरा थर देत. भेगेत मुरलेलं तेल बाहेर झिरपलं की पांढऱ्यावर डाग उमटे. 1940च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट स्विट्झर यांनी तेलाच्या जागी रंगद्रव्यं आणली आणि आजची डाय पेनेट्रंट तपासणी त्यातून आली: लाल रंग, वर पांढरा डेव्हलपर. इथे भाग अगदी स्वच्छ लागतो, पण वाळूचा किंवा छऱ्यांचा मारा करून साफ केला तर पृष्ठभाग चेपून भेगेचं तोंडच बंद होऊ शकतं. म्हणजे न धुता बघायचं आधी, धुऊन बघायचं नंतर, आणि धुवायचं कसं तेही ठरवून. क्रम चुकला की पुरावा गेला.

आता माझी दुसरी चूक, जास्त महागात पडलेली. वर्कशॉपनं मला दुरुस्तीची रजिस्टरं दिली. मी महिनाभर बसून नोंदी मोजल्या. जवळपास प्रत्येक नोंदीत 'सीट बदलली, पॅकिंग बदललं'. मी खुशीत एक प्रकरण लिहून काढलं: सीट हाच सर्वात आधी झिजणारा भाग. तक्ते, आलेख, सगळं तयार. काकांना वाचून दाखवलं तर ते हसले. "अहो ताई, व्हॉल्व्ह खोलला की सीट आणि पॅकिंग आम्ही बदलतोच. चांगली असली तरी. किटमध्येच येतात."

रजिस्टर भागाची अवस्था सांगत नव्हतं, केलेलं काम सांगत होतं. दोन्ही मी एकच समजले होते. प्रकरण बाजूला ठेवावं लागलं. मार्गदर्शकांनी मग मला अब्राहम वाल्ड यांचं काम वाचायला दिलं. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रीय गटात काम करताना वाल्ड यांनी विमानांच्या नुकसानीचा हिशेब मांडला. त्यांचा मुद्दा हा की आपल्याला दिसतात ती परत आलेली विमानं. पडलेल्या विमानांना गोळी कुठे लागली ते या मोजणीत येतच नाही. माझ्या रजिस्टरांतही दुरुस्तीला आलेलेच व्हॉल्व्ह होते. जे जागेवरच भंगारात गेले, ते कुठेच नव्हते.

हे सगळं बारकाव्यांचं वेड वाटत असेल, तर टेक्ससमधल्या पॅसाडेनाची गोष्ट ऐका. 23 ऑक्टोबर 1989. फिलिप्स 66 कंपनीच्या पॉलिथिलीन कारखान्यात रिअॅक्टरचा एक तुंबलेला पाय साफ करण्याचं काम चालू होतं. रिअॅक्टर आणि कामगारांच्या मध्ये एक बॉल व्हॉल्व्ह होता. तो उघडला, ज्वालाग्राही वायूचा ढग बाहेर पडला आणि दोन मिनिटांच्या आत स्फोट झाला. 23 माणसं गेली. नंतरच्या तपासात व्हॉल्व्ह उघडा असल्याचं आणि तो चालवणाऱ्या हवेच्या नळ्या उलट्या जोडल्या गेल्याचं दिसलं. दोन्ही नळ्यांची जोडणी सारखीच, त्यामुळे अदलाबदल शक्य होती. स्विच 'बंद'वर असला तरी व्हॉल्व्ह उघडणार! शिवाय अशा कामात दुसरा अडथळा, निदान एक बंद फ्लँज लावायची उद्योगातली रीत तिथे पाळली गेली नव्हती. अमेरिकेत 1992 साली प्रोसेस सेफ्टी मॅनेजमेंटचा नियम आला, त्यामागे ही दुर्घटना एक मोठं कारण होती.

तपास करणाऱ्यांनी फक्त गोळा आणि सीटची झीज शोधली असती, तर? खरी खूण नळ्यांच्या जोडणीत होती. कुठे बघायचं हे आधीच ठरवून गेलं, की तिथे जे नाही ते दिसत नाही.

तर तुमचं साधन ताम्रपट असो, जमाखर्चाची वही असो की बॉल व्हॉल्व्ह, हात लावण्याआधी ते जसं सापडलं तसं नोंदवा, फोटोसकट. झीज वेगळी, इजा वेगळी आणि नंतरची डागडुजी वेगळी लिहा. नोंद अवस्थेची आहे की कृतीची, हे ती लिहिणाऱ्या माणसाला विचारा. तो नसेल तर तेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला. आणि तुमच्यापर्यंत काय पोचलंच नाही, याची एक वेगळी यादी ठेवा.

काका आता व्हॉल्व्ह खोलायच्या आधी मला फोन करतात. आणि कॉटन वेस्टचा डबा माझ्यापासून लांब ठेवतात! ते बाजूला ठेवलेलं प्रकरण मी नव्यानं लिहितेय, या वेळी रजिस्टराच्या शेजारी भंगाराचा ढीग ठेवून. ते कसं जमतंय ते पुढच्या लेखात. तोवर तुमच्या विषयातलं 'न धुतलेलं' साधन कोणतं, ते जरूर कळवा.