शिरेतून दिलेली भूल

श्रोतेहो, घाटकोपरचे राजावाडी घ्या की जुहूचे कूपर. लोकलगाडीखाली सापडलेला माणूस महापालिकेच्या अशा इस्पितळात येतो. त्याच्या हाताच्या शिरेत सुई जाते, आणि मिनिटभरात तो गाढ झोपतो. आपले जुने लोक याला अजून ‘क्लोरोफॉर्म दिला’ म्हणतात. पण क्लोरोफॉर्म हुंगायचा असे. तो एडिंबरोच्या सिम्प्सनने 1847 साली आणला. त्याच्या आदल्या वर्षी बोस्टनला ईथरने भूल दिली गेली होती.

शिरेतल्या भुलीचा जम बसला तो थायोपेंटलने. 8 मार्च 1934 रोजी अमेरिकेत मॅडिसन गावी डॉ. वॉटर्स यांनी ते प्रथम माणसाला दिले. झोप झटकन येई, पण श्वास मंदावे, रक्तदाबही उतरे. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले, आणि जखमी सैनिक या औषधानेच फार दगावले अशी वदंता उठली. पुढे अभ्यासकांना ती फुगवलेली आढळली. धडा मात्र खरा: रक्त गेलेल्या माणसाला मात्रा बेताची हवी.

खेड्यापाड्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे केटामाइन. कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते 1962 साली तयार केले, 1970 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. याने वेदना जाते, पण श्वास बहुधा चालूच राहतो, रक्तदाबही सहसा पडत नाही. जिथे मोठी यंत्रे नाहीत तिथे याच्यासारखा आधार नाही! जागतिक आरोग्य संघटनेने 1985 सालीच ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले. खोडही आहे: शुद्धीवर येताना काहींना विचित्र भास होतात. नशेसाठी गैरवापर होऊ लागला, तेव्हा 2013 साली भारत सरकारने ते ‘एक्स’ परिशिष्टात टाकले. आता ते कुलपात ठेवावे लागते.

1986 साली आलेले प्रोपोफॉल दिसते दुधासारखे, कारण ते सोयाबीनच्या तेलात मिसळलेले असते. रोगी लवकर, स्वच्छ जागा होतो.

आता एक घरगुती गोष्ट. ‘पोर उपाशी कसं ठेवायचं?’ म्हणून आजी हळूच चहा-बिस्कीट देते. माया खरी, पण भुलीत घशाची राखण झोपते. पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. म्हणून साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि नुसते पाणी दोन तास आधी बंद करतात. अपघातात थांबायला सवड नसते. तेव्हा रोग्याने शेवटचे कधी, काय खाल्ले ते डॉक्टरांना खरे सांगा. त्यावरून ते भुलीची रीत बदलतात.